पायऱ्यांनी चढणारे चेंडू: लेगो यंत्राच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

यंदा सोसायटीच्या गणपतीत मूर्तीच्या डाव्या हाताला आम्हाला एक टेबल मिळालंय, सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. त्यावर लेगोच्या ठोकळ्यांचं, मोटरवर चालणारं, चेंडू गोल गोल फिरवणारं यंत्र ठेवायचं असं मी आणि भाच्यानं ठरवलंय. प्रतिष्ठापना २७ ऑगस्टला, विसर्जन ६ सप्टेंबरला. रोज संध्याकाळी सात ते साडेदहा यंत्र चालायला हवं, आणि कुणी मध्ये बोट न घालता चालायला हवं.

ही शेवटची अट मी स्वतःहून घातली आहे. चेंडू उचलणारी यंत्रं भाच्यानं याआधीही केलीत, आणि ती छान चालतात, पण शेजारी बसून अधूनमधून टिचकी मारली तर. मांडवात टिचकी मारायला कोणी बसणार नाही. माणसं येतात, अर्धं मिनिट थांबतात आणि पुढे सरकतात. त्या अर्ध्या मिनिटात यंत्र बंद असेल, तर त्यांच्यापुरतं ते यंत्र नव्हतंच.

या खेळाला जगभर ‘ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन’ म्हणतात. अमेरिकेतल्या स्टीव्ह हासेनप्लग आणि त्यांच्याबरोबरच्या हौशी मंडळींनी त्याचे नियम बांधले. नियम मोजकेच आहेत. प्रत्येकानं आपलं एक यंत्र बनवायचं. त्याला एक टोपली असते: बाहेरून १० बाय १० स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे), आतून ८ बाय ८, उंची १० ठोकळे. मागच्या यंत्रानं या टोपलीत टाकलेले चेंडू उचलायचे आणि पुढच्या यंत्राच्या टोपलीत टाकायचे. वेग सरासरी सेकंदाला एक चेंडू, आणि एकदम टाकायचे झाले तर तिसाहून जास्त नाहीत. बस्स. मधे काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांची यंत्रं शेजारी ठेवली तरी चेंडू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. मला या खेळात सगळ्यात जास्त हेच आवडतं. आमची यंत्रं दोनच असली, तरी नियम पूर्ण पाळायचे. उद्या कुणी तिसरं घेऊन आलं तर ते मधे बसलं पाहिजे.

मापं एकदा लिहून ठेवतो, पुढे सगळीकडे लागतील. दोन स्टडमधलं अंतर ८ मिमी. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, प्लेटची, म्हणजे पातळ ठोकळ्याची, ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेटचा एक ठोकळा. चेंडू लेगोचाच छोटा फुटबॉल, व्यास १४ मिमी.

१५ जून

भाच्याचा प्रश्न: “मामा, गोट्या वापरल्या तर? घरात डबाभर आहेत.”

मोजून पाहिल्या. बाजारातली नेहमीची काचेची गोटी साधारण १६ मिमी भरते. दोन स्टड सोडून चेंडू जायची नाळ केली की मधली जागाही १६ मिमीच. फुटबॉलला तिथे दोन मिमी मोकळीक मिळते, गोटीला काहीच नाही. ती कडेला घासत जाते आणि जरा मोठी निघाली तर अडकूनच बसते. वजनाचाही प्रश्न आहे. गोटी पाच ग्रॅमच्या घरात जाते, फुटबॉल दोन ग्रॅमही भरत नाही. शंभर-दीडशे गोट्या सेकंदाला एक या वेगानं रोज तीन-साडेतीन तास आपटत राहिल्या तर प्लास्टिकचं काय होईल ते मला आमच्या कारखान्यात दिसतं. गोट्या बाद. फुटबॉल मागवले आहेत.

२२ जून, रविवार

आज काही बांधलं नाही, दिवसभर फक्त टोपली पाहिली.

माझा दिवस बाटल्यांच्या झाकणांच्या लाइनवर जातो. झाकण दाबून बसवणारं मशीन क्वचित बिघडतं. बिघडतं ते त्याच्या आधीचं: ढिगातून एकेक झाकण सुटं करून, तोंड एका बाजूला करून पुढे देणारं. लाइन थांबली की आम्ही आधी फीडरकडे पळतो. चेंडूंच्या यंत्रातही तेच आहे, असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं. चेंडू उचलायच्या शंभर तऱ्हा आहेत आणि त्यातल्या बहुतेक चालतात. ढिगातून चेंडू सुटा करणं हे खरं काम.

म्हणून टोपलीला एका भिंतीत दोन स्टड रुंदीचं दार ठेवलं, तळाला दाराकडे उतार दिला आणि वरून चेंडू ओतले. पहिले काही भराभर बाहेर पडले आणि मग थांबले. दाराशी तीन चेंडू एकमेकांना टेकून बसले होते, दोघांच्या खांद्यावर तिसरा, आणि मागच्या सगळ्यांचं वजन त्यांना आणखी घट्ट करत होतं. बोटानं हलवलं की सुटायचे, चार-सहा बाहेर पडले की पुन्हा कमान. दार तीन स्टडचं केलं, चारचं केलं. कमान उशिरा पडते, पण पडते.

हे असंच होणार, हे हिशेबातही दिसतं. गोल दाणे भोकातून आपोआप, न अडकता वाहायचे असतील तर भोक दाण्याच्या व्यासाच्या साधारण पाचपट लागतं. आमचा चेंडू १४ मिमी, पाचपट म्हणजे ७० मिमी. आणि नियमातली टोपली आतून आहे ६४ मिमी. म्हणजे टोपलीचा अख्खा तळ काढून टाकला तरी आपण त्या हद्दीच्या आतच. दार कितीही नीट केलं, तळ कितीही गुळगुळीत केला, तरी नुसत्या उतारावर भरवसा ठेवता येणार नाही. काहीतरी सतत हललं पाहिजे.

आई शेजारी शेंगा सोलत होती. तिचं माहेर जुन्नरकडचं, शेतकऱ्याचं. थोडा वेळ बघून म्हणाली, “हे पाभरीचं चाडंच की रे. चाड्यावर मूठ धरली की बोटं हलती ठेवावी लागतात. मूठ आवळली की बी तुंबलं, सोडली की भसकन पडलं. एका जागी थांबलेल्या बोटांनी पेरणी होत नाही.”

वहीत पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: हलती बोटं.

२९ जून

तऱ्हा ठरली: पायऱ्या.

दोन चौकटी, दोन्हींवर पायऱ्या. पहिली पायरी अ चौकटीची, दुसरी ब ची, तिसरी पुन्हा अ ची, अशा एकाआड एक. अ वर जाते तेव्हा ब खाली येते. अ च्या पायरीवरचा चेंडू वर पोचला की शेजारची ब ची पायरी त्याच्या खाली आलेली असते, चेंडू घरंगळून तिच्यावर जातो. मग ब वर जाते, अ खाली. असं करत करत चेंडू जिना चढतो. ही तऱ्हा नवी नाही, या खेळात फार जुनी आहे. मी ती निवडली ती खालच्या पायरीसाठी. सगळ्यात खालची पायरी टोपलीतच वरखाली होते, म्हणजे चेंडू उचलणारा आणि ढीग हलवणारा भाग एकच. कमान पडली तरी पुढच्या फेऱ्यात तिच्या पायाखालची जमीनच सरकते.

आता हिशेब, कारण या यंत्राचा जीव एका मापात आहे.

चौकटी हलतात क्रँकवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर मध्यापासून बाजूला लावलेल्या पिनेवर. क्रँकची त्रिज्या एक स्टड, ८ मिमी. म्हणून प्रत्येक चौकट एकूण १६ मिमी वरखाली होते. अ पूर्ण वर आणि ब पूर्ण खाली असताना चेंडूला जास्तीत जास्त १६ मिमीची चढण पार करता येते. चेंडू पुढे घरंगळावा म्हणून प्रत्येक पायरीला एका प्लेटचा, म्हणजे ३.२ मिमीचा उतार द्यायचा आहे. हा उतार प्रत्येक पायरीला पुन्हा भरून काढावा लागतो. निव्वळ चढ १२.८ मिमी ठेवला तर १२.८ अधिक ३.२ बरोबर १६. चेंडू काठावर येईल आणि तिथेच थांबेल, कारण दोन्ही काठ क्षणभरच एका पातळीत येतात. हा आराखडा कागदावरच बाद केला.

निव्वळ चढ ९.६ मिमी, म्हणजे बरोबर एक ठोकळा, ठेवला तर काठ ते काठ १२.८ मिमी होतात. १२.८ भागिले १६ म्हणजे ०.८. क्रँक वरच्या टोकाच्या अलीकडे-पलीकडे सुमारे ३७ अंश असतो तोवर वाट उघडी राहते. एकूण ७४ अंश, म्हणजे फेऱ्याचा पाचवा हिस्सा. मिनिटाला २० फेरे असतील तर एक फेरा तीन सेकंदांचा आणि वाट सहा दशांश सेकंद उघडी. १६ मिमीची पायरी घरंगळायला चेंडूला त्याहून बराच कमी वेळ लागतो. पुरेल.

एका पायरीला एक ठोकळा चढ, हे बांधायलाही सोपं पडलं. बारा पायऱ्या, ११५ मिमी चढ, लांबी २४ स्टड. पुढच्या टोपलीचा काठ ९६ मिमीवर आहे, त्याच्यावरून चेंडू आरामात पडेल.

रुंदी सहा स्टड. ४८ मिमीत तीन चेंडू शेजारी शेजारी बसतात. एका फेऱ्याला तीन चेंडू, म्हणजे मिनिटाला २० फेरे झाले की साठ चेंडू. नियम सांगतो तेवढेच.

६ जुलै, आषाढी एकादशी

खिचडी खाऊन दोघं बसलो. आज गिअर.

लेगोच्या गिअरची एक गंमत भाच्याला आज पहिल्यांदा सांगितली आणि तो हरखला. जितके दात, तितके मिमी पिच व्यास, म्हणजे दात जिथे एकमेकांत गुंततात त्या वर्तुळाचा व्यास. ८ दातांचा गिअर ८ मिमीचा, २४ दातांचा २४ मिमीचा. दोन्ही एकमेकांत बसवले की मध्यांतर (८ + २४) ÷ २ = १६ मिमी, म्हणजे बरोबर दोन स्टड. १२ आणि २० दातांचेही दोन स्टडवर बसतात. ८ आणि ४० चे तीन स्टडवर. पण १६ आणि २४ घ्या, अंतर येतं २० मिमी, अडीच स्टड, आणि मग अर्ध्या स्टडसाठी वेगळी भानगड करावी लागते. कुठला गिअर कुठे बसेल हे पाहायला डबा उपसायची गरज नाही, बेरीज केली की कळतं. त्यानं लगेच वहीत सगळ्या जोड्यांचा तक्ता केला.

मोटर लेगोच्याच ‘पॉवर फंक्शन्स’ मालिकेतली मध्यम. ९ व्होल्टवर भाराशिवाय मिनिटाला सुमारे ४०० फेरे. ८:२४ आणि ८:४० अशा गिअरच्या दोन जोड्या घातल्या की १:१५, म्हणजे २६-२७ फेरे, भाराखाली वीस-बावीस. कागदावर झकास. पण बॅटरीच्या डब्यात सहा सेल बसतात, आणि आम्ही वापरणार चार्ज होणारे. ते दीडऐवजी १.२ व्होल्टचे, सहांचे ७.२. मोटरचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात उतरतो, म्हणून ४०० चे ३२० होणार आणि क्रँकला भाराखाली सतरा-अठरा फेरेच मिळणार. मिनिटाला पन्नासच्या आसपास चेंडू. नियमाला कमी.

अ‍ॅडॉप्टर लावता येईल. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि मांडवातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर आधीच माळा, स्पीकर आणि पंखे असतात. बॅटरीच बरी. म्हणून ८:२४ दोनदा, १:९. ३२० भागिले ९ म्हणजे पस्तीस, भाराखाली अठ्ठावीसच्या घरात. चेंडूंची क्षमता मिनिटाला ऐंशीच्या वर. वाट उघडी राहण्याचा वेळ ०.४४ सेकंदावर येतो, तोही पुरेसा. शिवाय दोन्ही जोड्या दोन स्टडच्या, गिअरबॉक्स चौकोनी आणि घट्ट होतो.

१३ जुलै

चौकटी उभ्या राहिल्या. उभ्या खाचांमधून फक्त वरखाली होतात. क्रँकची पिन चौकटीच्या आडव्या खाचेत फिरते. दोन्ही क्रँक एकाच फिरत्या दांड्यावर, म्हणजे अ‍ॅक्सलवर, एकमेकांच्या विरुद्ध दिशेला.

शेजारच्या विंगमधले काका आले होते. ते तरुणपणी मंडळांचे हलते देखावे करायचे. रावणाची मान फिरणं, हनुमानाचा हात उचलणं, पुतनेच्या डोळ्यांची उघडझाप, हे सगळं मोटर, सायकलची चेन, एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकून फिरणारी चकती) आणि लोखंडी पट्ट्यांवर चालायचं. पुण्यातल्या गणपतीत लोक तासन्‌तास रांगेत उभे राहून हे बघायचे, अजूनही बघतात. काकांनी यंत्राकडे बघितलंच नाही, आधी डोळे मिटून ऐकलं.

“एका बाजूला जास्त ओढतंय,” म्हणाले. “आवाज लंगडतोय बघ. टक-ट्टक, टक-ट्टक.”

खरंच होतं. अ चौकटीवर मी मजबुतीसाठी दोन जास्तीचे बीम (भोकांच्या लांब पट्ट्या) लावले होते, ब वर नव्हते. दोन्ही चौकटी एकाच क्रँकवर विरुद्ध टोकांना असतात तेव्हा एकीचं वजन दुसरीला उचलायला मदत करतं. वजन सारखं असेल तर मोटरला फक्त चेंडू आणि घर्षण ओढायचं उरतं. ब वरही तेवढेच बीम लावले. आवाज सरळ झाला, मोटरची घरघरही खाली आली.

जाताना काका म्हणाले, “देखाव्यात सगळ्यात आधी काय तुटतं सांगू? जिथे दोन गोष्टी एकमेकींच्या अंगावर येतात ना, तिथे. हात उचलणारा हनुमान कधी मोडला नाही. छताला लागणारा हनुमान मोडला.”

१९ जुलै

काकांचं वाक्य आज दिसलं. टोपलीच्या भिंतीतून पहिल्या पायरीकडे जायला दार होतं आणि दारावर आडवा ठोकळा. पायरी वर येताना एखादा चेंडू अर्धा दारात असला की आडव्या ठोकळ्याखाली चिरडायचा. मोटर गुरगुरत उभी राहायची.

दोन बदल केले. पहिला: दारावरचा आडवा ठोकळा काढून दार वरपर्यंत उघडं ठेवलं. आता चढत्या पायरीच्या डोक्यावर कुठेही काही नाही, अख्ख्या यंत्रात. चेंडू अर्धवट असेल तर एका बाजूला लवंडतो, बस्स. हाच नियम भाच्याच्या यंत्रालाही लावायचा.

दुसरा: गिअरबॉक्सच्या पहिल्या जोडीत २४ दातांचा साधा गिअर काढून क्लचचा बसवला. मधला पांढरा भाग ठरावीक जोराच्या वर गेला की घसरतो. त्याच्यावरच छापलेलं आहे, २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर. पुढच्या ८:२४ जोडीनं ते तिप्पट होऊन क्रँकपाशी साडेसात ते पंधरा. ८ मिमीच्या क्रँकवर याचा अर्थ साधारण एक ते दोन किलो वजनाइतकं बळ. चौकट उचलायला ते रग्गड आहे, आणि एखाद्या चिमुकल्यानं बोट घातलं तर लागणार नाही इतपत कमी आहे. मांडवात हा दुसरा मुद्दा पहिल्याहून मोठा.

क्लच दुसऱ्या जोडीत ठेवला असता तर क्रँकवर अडीच ते पाचच मिळाले असते, आणि चेंडू भरलेले असताना तो उगाच घसरत राहिला असता. करून पाहिलं, घसरतो.

२७ जुलै

भाच्याचं यंत्र: आकाशपाळणा. मोठं चाक, कडेला बारा कप्पे, प्रत्येकात एक चेंडू. खाली टोपलीतून उचलतं, वर जाऊन बाजूला ओततं. त्याच मालिकेतली मोठी, एक्सएल मोटर, ८:४० दोनदा, म्हणजे १:२५. ७.२ व्होल्टवर मिनिटाला सात फेरे, भाराखाली साडेसहा. बारा कप्प्यांप्रमाणे अठ्ठ्याहत्तर.

त्याला वाटत होतं, मिनिटाला पाच फेरे पुरतील, बारा पंचे साठ. पण प्रत्येक कप्पा दरवेळी भरत नाही. चाक ढिगातून जातं तेव्हा पाचातला एखादा रिकामाच वर येतो. त्यामुळे गरजेपेक्षा जोरात फिरवायचं आणि रिकामे कप्पे गृहीत धरायचे. पाचातले चार भरले तरी मिनिटाला बासष्ट होतात. नियमाला पुरतं, वर थोडंच.

२ ऑगस्ट

परतीची वाट. पाळण्याच्या वरच्या तोंडापासून पायऱ्यांच्या टोपलीपर्यंत ८८ स्टड लांब नाळ, ११ प्लेटचा उतार, म्हणजे ८ स्टडला एक प्लेट. हे प्रमाण वीसास एक. चेंडू छान जातात, पण सांध्याखाली खांब नसेल तर नाळ केसभर खाली वाकते आणि हळू आलेला चेंडू तिथे विचार करत थांबतो. प्रत्येक सांध्याखाली खांब दिला. फारसं लिहिण्यासारखं काही नाही.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

ताई राखी बांधायला आली, तिच्या हस्तेच पहिला चेंडू सोडला. वर्तुळ पूर्ण झालं.

बंद वर्तुळात एक गोष्ट होतेच: सगळ्यात मंद यंत्राच्या टोपलीत चेंडू साठत जातात. पायऱ्यांची क्षमता मिनिटाला ऐंशीच्या वर, पाळण्याची साठ-बासष्ट. म्हणून सगळा ढीग पाळण्याच्या टोपलीत जमतो आणि पायऱ्या बहुतेक वेळ अर्ध्या रिकाम्या चढतात. दोन्हींचा वेग अगदी सारखा करावा, असं भाच्याचं म्हणणं. मी नको म्हटलं. सेल उतरत जातात, दोन मोटरी सारख्या उतरत नाहीत, आज जुळवलेला वेग परवा जुळणार नाही. त्यापेक्षा चेंडूंची संख्या अशी ठेवायची, की अख्खे चेंडू एकाच टोपलीत जमले तरी ती भरून वाहणार नाही. मग कोणतंही यंत्र मंद झालं, अगदी थांबलं, तरी एकही चेंडू जमिनीवर जात नाही.

टोपलीत किती मावतात? ६४ बाय ६४, खोली ८० मिमी धरली आणि गोळे ओतल्यावर जागेचा पाच ते सहा दशांश भाग भरतो असं मानलं, तर सपाट तळाला सव्वाशेच्या आसपास. आमचा तळ उतरता, शिवाय चाक आणि पायऱ्या आत घुसलेल्या. म्हणून साठ चेंडू. त्यातले मूठभर कायम वाटेवर असतात. साठ आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलाय, कारण येणारं प्रत्येक मूल आणखी चेंडू टाकायला मागतं.

ताईनं विचारलं, “सगळे चेंडू एका रंगाचे का?” मग बारा चेंडू केशरी घातले. आता एखाद्या चेंडूवर नजर ठेवून त्याच्याबरोबर फिरता येतं. ही सूचना तिची, आणि यंत्र बघण्याजोगं झालं ते त्यामुळेच.

१७ ऑगस्ट

सुट्टीचे दिवस सलग मिळाले, यंत्र सकाळपासून रात्रीपर्यंत चालवलं. मोजण्यासाठी पाळण्याच्या तोंडाशी मोबाइल लावून ठेवला होता.

काय दिसलं ते लिहितो. खाचेत फिरणाऱ्या क्रँकच्या पिनेभोवती करडी पावडर जमते. तिथे सगळ्यात जास्त घासतं. पिनेवर सुटी फिरणारी छोटी पुली बसवली, म्हणजे पिन खाचेत घासत नाही, पुली लोळते. पावडर जवळजवळ थांबली, आवाजही मऊ झाला. आईनं शिलाईमशीनचं तेल पुढे केलं होतं. ते नाही लावलं. खनिज तेलानं या प्लास्टिकला हळूहळू तडे जाऊ शकतात, आणि तेलावर मांडवातली धूळ बसली की तिचं पॉलिशपेपरसारखं काम सुरू होतं. गरज पडलीच तर सिलिकॉनचं तेल, तेही अ‍ॅक्सलच्या भोकात थेंबभर. अजून गरज पडलेली नाही.

अ‍ॅक्सल लांबच्या लांब एकाच बाजूला सरकत जातात आणि शेवटी गिअर दातांवरून निम्मा उतरतो. दोन्ही टोकांना बुश (दांडा सरकू न देणारी छोटी कडी) लावून मधे कागदाच्या जाडीइतकी फट ठेवली. पूर्ण घट्ट केले तर बुशच ब्रेक होतात.

खालची सतरंजी दुहेरी केली. टेबलाचा पत्रा ढोलासारखा घुमत होता.

संध्याकाळी जपानमधल्या अकियुकींची यंत्रं पुन्हा बघितली. या खेळात ज्यांच्याकडून शिकावं असा हा माणूस. ‘स्ट्रेन वेव्ह गिअरिंग’ नावाच्या त्यांच्या एका यंत्रात तर रोबोटच्या सांध्यात वापरतात त्या जातीचा गिअर ठोकळ्यांत उभा केलाय आणि चेंडू त्याच्याच लाटेवरून जातात. पण मला त्यात सगळ्यात जास्त भावतं ते त्यांचं टोपलीपाशीचं काम. चेंडू आत शिरताना कधी धांदल नाही. प्रत्येकाला आपली जागा, आपली वेळ. पुढचा सगळा तमाशा त्या पहिल्या दोन इंचांवर उभा असतो.

२६ ऑगस्ट

मांडव. टेबल पाणसळीनं सपाट केलं. मांडवातली फरशी एका बाजूला उतरती आहे आणि आमचा नाळेचा उतार तेवढ्यानं निम्मा झाला असता. समोर अ‍ॅक्रिलिकची फूटभर उंच पट्टी लावली. हात लावू नये म्हणून ती नाही. फुलांच्या पाकळ्या, दूर्वा आणि अक्षता आत पडू नयेत म्हणून. तांदळाचा एक दाणा गिअरच्या दातांत गेला तरी पुरतो.

सेलचे दोन संच. एक डब्यात, एक चार्जरवर. आरतीच्या वेळी बदलायचे, तेव्हा यंत्र तसंही बंद.

३० ऑगस्ट

चालतंय. तीन संध्याकाळी कुणी बोट घातलेलं नाही. क्लच एकदा घसरला, एका छोट्यानं पट्टीवरून रबर आत टाकला तेव्हा. पायऱ्या टकटक करत उभ्या राहिल्या, भाच्यानं रबर काढला, पायऱ्या पुढे निघाल्या.

लोक पाळण्यापाशी थांबतात हे अपेक्षितच होतं, तो उंच आहे, फिरतो. पण मुलं पायऱ्यांपाशी बसतात, टेबलाच्या काठाला हनुवटी टेकवून. एका पाच-सहा वर्षांच्या मुलीनं केशरी चेंडू निवडला आणि तो खालच्या पायरीवर चढेपर्यंत ती हलली नाही. ढिगात तो तीनदा मागे ढकलला गेला. चढला तेव्हा तिनं आजीचा हात ओढून सांगितलं. आजीनं मला विचारलं, “हे ठरवून चढतात का, की आपोआप?” मी त्यांना तळाची पायरी दाखवली, ती कशी ढीग उसवते ते. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “जात्यात घास टाकतानाही असंच. सगळं ओतून चालत नाही.”

रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलानं गिअरचं गुणोत्तर विचारलं. त्याला भाच्यानं वही काढून दाखवली. वीस मिनिटं दोघं तिथेच.

७ सप्टेंबर

काल दुपारी, गुलाल उधळायच्या आत, यंत्र उचलून घरी आणलं. आज सोडवून एकेक भाग बघितला.

क्रँकच्या पिना ठीक, पुलीमुळे. २४ दातांच्या दुसऱ्या गिअरचे दात एका बाजूनं चमकतायत, झीज नखाला लागत नाही. चौकटींच्या उभ्या खाचांत मात्र खालच्या टोकाला ओरखडे आहेत, दोन्ही चौकटींच्या एकाच कोपऱ्यात. म्हणजे चौकट किंचित तिरकी चालत होती. क्रँक एका कडेला आणि आधार चारही कोपऱ्यांना, त्यामुळे ओढ मध्यातून जात नाही. पुढच्या वेळी क्रँक चौकटीच्या दोन्ही बाजूंना, मधून आरपार जाणाऱ्या एकाच अ‍ॅक्सलवर. त्यासाठी १२ स्टडचे दोन अ‍ॅक्सल आणि चार बीम जास्त लागतील, जागा पाचव्या आणि सहाव्या पायरीच्या खाली आहे.

पाळण्याचे कप्पे भाच्याला बदलायचेत. कप्प्याचा पुढचा ओठ अर्ध्या स्टडनं लांबवला तर चेंडू भरण्याचं प्रमाण वाढेल असं तो म्हणतो. मला वाटतं लांब ओठ ढिगात खुपसून चेंडू चिमटेल. दिवाळीच्या सुट्टीत सहा कप्पे त्याच्या मापाचे आणि सहा जुन्या मापाचे लावून एकाच चाकावर मोजायचं ठरलंय.